जुन्या दूरदर्शनची एक संध्याकाळ पुन्हा मांडायची आहे : क्रम कसा लावावा?

गिरणाकाठ

सर्वांना नमस्कार. भडगाव तालुक्यातल्या आमच्या गावी एक लहानसे सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या मागच्या अंगणात दरवर्षी संक्रांतीनंतरच्या शनिवारी भरीत-भाकरीचा कार्यक्रम होतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या म्हणजे कळण्याच्या भाकरी होतात आणि जेवणानंतर कोणाचे तरी व्याख्यान असते, ज्याला पहिली दहा मिनिटे सोडली तर फारसे कोणी जागे नसते. यंदा साठी ओलांडलेल्या काही सभासदांनी सुचवले की व्याख्यानाऐवजी एकच वाहिनी असतानाच्या काळातली, म्हणजे साधारण १९८५ ते १९९० च्या दरम्यानची, दूरदर्शनची एक पूर्ण संध्याकाळ जशीच्या तशी मांडावी. सहाला सुरू करून साडेनऊला संपवावी, आणि मध्ये जे जे लागत असे ते सगळे त्यात असावे.

कल्पना सर्वांना आवडली, परंतु यादी करायला बसलो तेव्हा अडचण लक्षात आली. प्रत्येकाला चित्रपटगीतांचे छायागीत हवे, प्रत्येकाला एखादी मालिका हवी, दोघा-तिघांना विनोदी प्रहसनांचा गजरा हवा. शेतीविषयक कार्यक्रम, बातम्या, साहित्यिकांची मुलाखत आणि रात्रीचे शास्त्रीय गायन यांची नावे निघाली की सगळे हसून पुढच्या नावाकडे वळत. आमच्या समितीत नुकतीच आलेली एक महाविद्यालयीन मुलगी शेवटी म्हणाली, की तुम्हाला आवडलेलेच तेवढे निवडायचे असेल तर ते आम्ही रोज मोबाइलवर करतोच, मग यात दूरदर्शन ते कुठले? तिला उत्तर देता आले नाही.

म्हणून विचारतो. त्या संध्याकाळचा खरा क्रम काय होता आणि तो तसा का होता, हे कोणी नीट सांगू शकेल का? जुनी चित्रमुद्रणे कुठून मिळवावीत आणि ती गावात दाखवायला कोणाची परवानगी लागते का? आणि आजची साठ-सत्तर माणसे, ज्यांच्या खिशात प्रत्येकी एक पडदा आहे, ती साडेतीन तास एका जागी बसतील तरी कशी?

तापीतीर

गिरणाकाठ भाऊ, मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त झालो आहे. थोडे लांबण लावतो, कारण आपल्याकडे खानदेशात दूरदर्शन ज्या वाटेने आले ती वाट सांगितल्याशिवाय क्रम समजणार नाही.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढल्या वर्षी पुण्याकडेही ते दिसू लागले. आपण मात्र सह्याद्रीच्या आणि सातमाळ्याच्या अलीकडे, आणि दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जाणाऱ्या, त्यामुळे वरळीच्या मनोऱ्याचा आपल्याला काडीचा उपयोग नव्हता. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी चिमणरावाच्या गोष्टी सांगाव्यात आणि आपण रेडिओचा कान पिळत त्या ऐकाव्यात, असे दहा-बारा वर्षे चालले. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी हा उपग्रह वर गेला, आणि त्यानंतर १९८४ च्या सुमारास देशभर शंभर वॅटची लघुशक्ती सहक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली. अशा केंद्राचा स्वतःचा कार्यक्रम काहीही नसे. उपग्रहावरून जे उतरेल ते आसपासच्या पंधरा-वीस किलोमीटरांत पसरवायचे एवढेच त्याचे काम. सुरुवातीला अशा अनेक केंद्रांवरून मुख्यतः दिल्लीचाच कार्यक्रम पोहोचत असे. ज्या घरांत अहिराणी किंवा तावडी बोलली जाई त्या घरांनी दूरदर्शनची पहिली ओळख हिंदीतून करून घेतली आणि मराठी मागून आली. मुंबईकरांच्या आठवणीतली संध्याकाळ आणि आपली संध्याकाळ यांत हा फरक आहे. तुम्ही त्यांची यादी उतरवून घेऊ नका.

आता क्रम. तो वाराप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलत असे, पण सांगाडा ठरलेला होता. आरंभी मुलांसाठी काहीतरी, उदाहरणार्थ किलबिल. मग शेतकऱ्यांसाठी आमची माती आमची माणसं. मग मराठी बातम्या. बातम्यांनंतरचा तास हा मुंबई केंद्राचा खरा संसार : कधी नाटक, कधी गजरा, कधी ज्ञानदीप, कधी प्रतिभा आणि प्रतिमा, गुरुवार असेल तर छायागीत, आणि आठवड्यातून एकदा पुढच्या आठवड्यात काय काय लागणार ते सांगणारी साप्ताहिकी. मुंबई केंद्राला गुजराती कार्यक्रमही करावे लागत. नंदुरबार-नवापूरकडच्या माणसांना त्याचे काही वाटत नसे, बाकीचे मात्र तेवढ्यात हातपाय धुऊन घेत. पावणेनऊच्या आसपास सूत्रे दिल्लीकडे जात, आणि तिथून हिंदी बातम्या, मालिका, इंग्रजी बातम्या आणि उरलेल्या जाग्या माणसांसाठी संगीत किंवा नृत्य.

हा क्रम कोणाच्या आवडीवर लावलेला नव्हता. कोण किती वाजता घरी येतो आणि किती वाजता झोपतो यावर तो लावलेला होता. पोरे दिवेलागणीला घरात शिरतात म्हणून त्यांचे आधी. शेतकरी गुरे बांधून, हातपाय धुऊन ओट्यावर टेकतो तेव्हा त्याचे. नोकरदार आला की बातम्या. इंग्रजी बातम्यांच्या वेळी आमच्या वस्तीत फक्त दोनच माणसे जागी असत, एक मी, कारण मला रात्रपाळीला जायचे असे, आणि दुसरे आमचे शेजारी, ज्यांना इंग्रजी येत नसे पण संच त्यांचा होता.

तुमच्या समितीतल्या मुलीला माझ्याकडून एक उत्तर द्या. आम्ही शेतीचा कार्यक्रम, मुलाखत आणि धृपदगायन हे सगळे पाहिले ते अभिरुची उच्च होती म्हणून नव्हे. पन्नास घरांत एक संच असे आणि तो असलेल्या खोलीत चाळीस माणसे असत. गाण्यांचा कार्यक्रम पाहायचा असेल तर जागा धरण्यासाठी तासभर आधी बसावे लागे, आणि एकदा बसलेला माणूस पाणी प्यायला उठला तरी त्याची जागा जाई. म्हणून जे लागेल ते आम्ही पाहिले. कापसावरील बोंडअळी कशी ओळखावी हे मला, ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, आजही सांगता येते ते याच कारणाने.

पांझराकाठ

मी धुळ्यात पस्तीस वर्षे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवले. तापीतीर नानांनी सांगितलेले बरोबर आहे; फक्त तांत्रिक बाजू राहिली ती लिहितो.

तुम्ही जुना कृष्णधवल संच मांडणार असाल तर त्याला अँटेना लावून काहीही दिसणार नाही, हे आधीच समजून घ्या. जमिनीवरून होणारे ते जुने प्रक्षेपण २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले आहे. सह्याद्री वाहिनी आज पाहायची असेल तर डीडी फ्री डिशची छत्री बसवावी. तिला मासिक शुल्क नाही आणि ती जीसॅट-१५ या उपग्रहाकडे, म्हणजे आपल्याकडून पाहता आग्नेयेकडे तोंड करून लावावी लागते. जुन्या संचावर चित्र आणायचे तर मध्ये आरएफ मॉड्युलेटर नावाची लहानशी डबी लागते, जी पेनड्राइव्हवरचे चित्र संचाला समजेल अशा वाहिनीवर आणून देते. पूर्वी व्हिडिओ भाड्याने देणाऱ्यांकडे ती असे. जळगाव किंवा धुळ्याच्या जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे अजून एखादी धूळ खात पडलेली सापडेल. संच सुरू करण्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावा. वीस-पंचवीस वर्षे बंद असलेल्या संचातले कपॅसिटर फुगलेले असतात, आणि थेट बटण दाबले तर चित्राऐवजी धूर दिसण्याची शक्यता अधिक. मागचे झाकण मात्र स्वतः उघडू नका, पिक्चर ट्यूबमधला विजेचा दाब संच बंद असतानाही धक्का देतो.

सत्तर माणसांना वीस इंची पडद्यावर दिसेल का, असे तुम्ही विचाराल. दिसणार नाही, तेव्हाही दिसत नव्हते. माझ्या दुकानाच्या दाराशी संच बाहेर तोंड करून ठेवलेला असे आणि रस्त्यावर जी गर्दी होई तिच्यातल्या मागच्या निम्म्या माणसांना फक्त आवाज आणि पुढच्यांची डोकी मिळत. पुढचा हसला की मागचा हसे. प्रोजेक्टर लावून मोठा पडदा केलात तर सोय होईल, पण ती संध्याकाळ होणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर तीन संच ठेवले असते आणि माणसे तीन घोळक्यांत बसवली असती.

अँटेना मात्र शोभेसाठी का होईना, लावा, आणि ती आपल्याकडची लावा. मुंबईची वाहिनी कमी वारंवारतेवर होती, म्हणून तिथल्या अँटेनाच्या दांड्या दोन-सव्वादोन मीटर लांब असत. आपल्या लघुशक्ती केंद्रांना लागणाऱ्या अँटेनाच्या दांड्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्याच होत्या. मुंबईहून बदलून आलेले एक साहेब आपली भलीमोठी अँटेना ट्रकमध्ये घालून घेऊन आले होते, आणि चित्रात नुसत्या मुंग्या दिसतात म्हणून दुकानावर येऊन मलाच ओरडले होते. ती अँटेना त्यांनी पुढे दोडक्याच्या वेलासाठी वापरली. वेल चांगला चढला.

अजून एक. साडेतीन तासांत निदान एकदा 'व्यत्यय' अशी पाटी लावा आणि ती पाच मिनिटे हलवू नका. लोक त्या पाच मिनिटांत जे बोलतील ते तुमच्या कार्यक्रमात दुसरे कुठे यायचे नाही.

केळीबाग

मी रावेर तालुक्यातली आहे. तापीतीर नाना आणि पांझराकाठ दादा यांचे लिहिणे वाचताना हसूही आले आणि थोडा रागही आला, तो त्यांच्यावर नव्हे. चाळीस माणसांच्या त्या खोलीत जागा धरून बसलेल्यांत आमच्या घरातली बाई एकही नसे, हे कोणाच्या लिहिण्यात आलेच नाही.

आमच्या घरी १९८७ मध्ये संच आला. तो बैठकीच्या खोलीत ठेवला होता आणि स्वयंपाकघर तिच्या पाठीशी, मध्ये मातीची भिंत. माझ्या आईने दूरदर्शनची संध्याकाळ पाहिली नाही, ऐकली. शेतीच्या कार्यक्रमाची सुरावट लागली की ती चुलीवर तवा ठेवी, बातम्या सुरू झाल्या की पहिली भाकरी तव्यावरून निघे, आणि बातम्या संपेपर्यंत पुरुषांची ताटे वाढून होत. वृत्तनिवेदकांना ती आवाजाने ओळखत असे. पुढे कितीतरी वर्षांनी प्रदीप भिडे यांचा चेहरा तिने एका वर्तमानपत्रात पाहिला तेव्हा ती म्हणाली, की हे एवढे गोरे असतील असे वाटले नव्हते. आजी मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसे, अर्धी इकडे अर्धी तिकडे, आणि प्रत्येक कार्यक्रम संपला की आत बातमी द्यावी तसे आम्हालाच विचारी, "आते काय लागी रे?"

शेतीचा कार्यक्रम गाळू नका, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. त्या वर्षी केळीवर करपा आला होता. आजोबांना लिहिता जेमतेम येत असे, तरी औषधाचे प्रमाण सांगू लागले की ते चुलीतला कोळसा मागवून ओट्याच्या भिंतीवर टिपून घेत. एका संध्याकाळी त्यांनी भिंतीवर 'दहा लिटर पाण्यात' एवढे लिहिले आणि वीज गेली. औषध किती, ते राहूनच गेले. दुसऱ्या दिवशी ते तालुक्याच्या गावी जाऊन कृषी अधिकाऱ्यांना विचारून आले, परंतु भिंतीवरचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. घर पाडेपर्यंत 'दहा लिटर पाण्यात' तसेच होते. कृषिदर्शन दिल्लीहून २६ जानेवारी १९६७ पासून सुरू होते, आता २०१५ पासून शेतीसाठी वेगळी किसान वाहिनीही आहे, म्हणजे आज माहितीला तोटा नाही. पण आज ती माहिती शेतकऱ्याच्या मोबाइलवर एकट्याला येते, आणि तेव्हा तिच्यावर ओट्यावर बसलेल्या सगळ्यांचे भांडण होई. आमचे शेजारी दर वेळी म्हणत, की हे मुंबईवाले काय आम्हाला केळी शिकवणार, आणि आठ दिवसांनी तीच फवारणी करत.

तुमच्या कार्यक्रमाबद्दल माझी एकच सूचना आहे. भरीत-भाकरी आठ वाजता ठेवलीत तर त्या संध्याकाळची तुम्ही अगदीच हुबेहूब नक्कल कराल, कारण भाकरी थापणाऱ्या बाया पुन्हा पडद्याच्या पाठीशी असतील. जेवण सहाच्या आत उरका, नाहीतर भाकरी सभासद पुरुषांना करू द्या. कळण्याची भाकरी त्यांना जमणार नाही. ज्वारीचीही जमेल असे वाटत नाही. पण मग पुढच्या रांगेत कोण बसते ते बघा.

कागदपत्री

परवानगीचा प्रश्न मागे पडला आहे, म्हणून लिहितो. व्यवसायाने ग्रंथपाल आहे, वकील नाही.

प्रसारणसंस्थेला आपल्या प्रसारणावर मिळणारा हक्क, प्रसारण झाले त्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून २५ वर्षे टिकतो. १९८६ चे प्रसारण या हिशेबाने त्यातून बाहेर पडले आहे. परंतु एवढ्यावर थांबू नये, कारण त्या प्रसारणात जे होते, म्हणजे नाटकाची संहिता, चित्रपटातले गाणे, चित्रमुद्रण, त्यांचे हक्क वेगळे असतात आणि त्यांची मुदत पुष्कळ मोठी असते. चित्रपटाची प्रदर्शनापासून ६० वर्षे आहे. छायागीत दाखवायचे म्हटले की हा प्रश्न आलाच. सह्याद्री वाहिनीच्या आणि प्रसार भारतीच्या संग्रहाच्या यूट्यूब वाहिन्यांवर जुने बरेच काही ठेवलेले आहे. घरी बसून ते पाहण्यास कोणाची ना नाही, मात्र जाहीर कार्यक्रमात दाखवण्यापूर्वी वाचनालयाच्या नावाने, तारीख, ठिकाण आणि तिकीट नसल्याचा स्पष्ट उल्लेख करून, मुंबई केंद्राला पत्र पाठवावे. उत्तरास वेळ लागतो, तेव्हा संक्रांतीसाठी आत्ताच लिहावे.

दुसरा मार्ग मला अधिक पटतो. चित्रमुद्रणे थोडी घ्या आणि बाकीची संध्याकाळ माणसांनी उभी करा. कायद्यात हौशी मंडळींनी विनामूल्य प्रेक्षकांसमोर नाट्य वा संगीत सादर करण्याला सवलत आहे. वाचनालयात जुनी वर्तमानपत्रे बांधून ठेवलेली असतील, तर १९८६ मधल्या एखाद्या दिवसाचा अंक काढा आणि त्यातल्या बातम्या टेबलाशी बसून एखाद्या शिक्षकाला कागदावरून वाचू द्या. शेतीच्या भागात गावातलाच शेतकरी बसवा आणि त्याची मुलाखत घ्या, पण तेव्हा घेत तशी, म्हणजे उत्तर प्रश्नातच देऊन.

गिरणाकाठ

सर्वांचे आभार. काल रात्री समितीची बैठक झाली आणि आपली उत्तरे मी मोठ्याने वाचून दाखवली. केळीबाग ताईंचे उत्तर वाचताना बैठकीतल्या तिघी बायका एकमेकींकडे बघत होत्या, आणि वाचून झाल्यावर त्यांतली एक एवढेच म्हणाली, की आमच्याकडे भिंत पत्र्याची होती, त्यामुळे ऐकू तरी चांगले यायचे. जेवण साडेपाचला ठरले. भाकरीसाठी चार पुरुषांनी नावे दिली आहेत. त्यांतले दोघे या रविवारी सराव करणार आहेत आणि तो पाहायला गाव येणार असे दिसते.

क्रम असा केला आहे : सहाला शाळेच्या मुलांचा पाऊण तास, मग हरभऱ्याच्या घाटेअळीवर गावातल्याच एका शेतकऱ्याची मुलाखत, मग जुन्या अंकातल्या बातम्या. त्यानंतर एक प्रहसन, जे अहिराणीत होईल, कारण ती आपली भाषा तेव्हाच्या पडद्यावर आम्हाला कधी फारशी ऐकायला मिळाली नाही. मग पाच मिनिटे व्यत्यय. मग चाळीसगावच्या एका गायकाचे अर्ध्या तासाचे गायन, आणि गाणी सर्वांत शेवटी, परवानगी आली तर पडद्यावर, न आली तर आमच्याच ऑर्केस्ट्राकडून. गाणी शेवटी ठेवण्यामागचे कारण तापीतीर नानांना सांगायला नको. सतरंजीवर जागा मोजून पन्नासच आखणार आहोत, सभासद सत्तर आहेत, आणि उठला त्याची जागा गेली हे पत्रिकेत छापणार आहोत. मोबाइल दारात टोपलीत ठेवावेत अशी एक सूचना आली होती, ती त्या महाविद्यालयीन मुलीनेच खोडून काढली. तिच्या मते जागा जाण्याची भीती पुरेशी आहे.

निवेदिकेचे काम तिच्याकडेच दिले आहे. तिने आजीची नऊवारी नको, त्या वेळची पाचवारी सुती साडी हवी असे सांगितले, ती मिळाली. टेबलावर फुलदाणी ठेवायची तीही मिळाली. तिला एक गोष्ट विचारायची आहे आणि आमच्यापैकी कोणालाही ती सांगता आलेली नाही, तेव्हा आपल्यापैकी कोणाला आठवत असल्यास कृपया लिहावे : निवेदिकेच्या मागचा पडदा कोणत्या रंगाचा असे? आमच्या गावात १९९१ पर्यंत सगळेच संच कृष्णधवल होते.